शिट्टीची किटली

ते तपकिरी, काचेच्या झाकणाचं भांडं मुळात कुणाचं, हे नोएलीनला आता सांगता आलं नसतं आणि ग्लेनिसलाही नाही. बुडाला चिकटपट्टी होती, तिच्यावर कधीकाळी नाव होतं. ओव्हनमध्ये तापून आणि सिंकमध्ये घासून ते कधीच उडून गेलं. कल्गारा गावातल्या सगळ्याच बायकांच्या भांड्यांना अशी नावाची पट्टी असते. लग्न असो, अंत्यविधी असो, नाहीतर शाळेचा मेळावा, जी ती घरून काहीतरी करून आणते आणि मग हॉलच्या ओट्यावर कुणाचं काय ते कळेनासं होतं. या भांड्याला मात्र नावाची गरजच उरली नव्हती. दोघींच्या परसांमधल्या कुंपणाला एक छोटं फाटक होतं, त्यातून ते इकडून तिकडे जायचं आणि तिकडून इकडे यायचं. ग्लेनिसच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा ते मटणाच्या रश्श्याने भरून गेलं. नोएलीनचा नवरा फ्रँक गेला तेव्हा महिनाभर तेच ये-जा करत होतं. नियम एकच होता आणि तो कुणी कुणाला कधी सांगितला नव्हता. परत जाताना भांडं रिकामं जायचं नाही. काही नाही तर घरी भाजलेले चार स्कोन, तेही नसले तर झाडावरची लिंबं.

जॅरडच्या अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी ते भांडं नोएलीनच्या ओट्यावर होतं. सार्जंट रॉस हॅलम तिच्या स्वयंपाकघरात बसून ढसाढसा रडला, तो याच दिवशी.

जॅरड नोएलीनचा एकुलता एक. मेंढ्या कातरणाऱ्यांच्या टोळ्यांसोबत फिरून त्यांचा स्वयंपाक करायचा. हात सढळ, जीभ सैल आणि डोकं तापट. शाळेत असतानाच त्याला मधुमेह निघाला, तेव्हापासून रोज इन्शुलिन टोचून घेण्यावाचून सुटका नव्हती. पोरगा सगळीकडे हरवाहरवी करायचा, म्हणून नोएलीन त्याच्या औषधाचा एक जादा खोका कायम स्वतःच्या फ्रिजमध्ये, लोण्याच्या कप्प्यात ठेवायची. 'मम्, तुझ्याकडे लोणी कमी आणि माझी औषधंच जास्त,' असं तो चिडवायचा.

त्या शुक्रवारी पबमध्ये त्याची पबच्या मालकाशी जुंपली. मालकाचं नाक फुटलं. जॅरडला रात्री पोलीस चौकीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खुद्द रॉसनेच त्याला जामिनावर सोडलं. अट अशी, की कोर्टाची तारीख येईपर्यंत गावात पाय ठेवायचा नाही. म्हणजे घर बंद, आईचं दार बंद, दवाखाना बंद. राहायचं कुठे? तर गावापासून लांब एका मेंढीफार्मवर कातरणीच्या दिवसांत वापरायच्या खोल्या होत्या, त्या हंगाम नसल्यामुळे ओस पडल्या होत्या. जॅरडची गाडी पबच्या मागे तशीच उभी. म्हणून रॉसने त्याला पोलिसांच्या गाडीत घातलं आणि तिथे नेऊन सोडलं. तिथे फोनला रेंज नाही. पायी कुठे जावं म्हटलं तर जाण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दिवशी फार्मचा मालक पाण्याच्या टाक्या बघायला गेला, तेव्हा त्याला जॅरड पायरीवर पडलेला सापडला. खिशात इन्शुलिनचं पेन होतं. रिकामं.

रॉस स्वयंपाकघरात आला तेव्हा ग्लेनिस तिथेच होती. ती भांडं घेऊन आली होती आणि आल्या आल्या, स्वतःचंच घर असल्यासारखी, गॅसवर किटली चढवून कप काढत होती. रॉस तिचा जावई, तिच्या टॅरिनचा नवरा. पण नोएलीनशी त्याचं नातं त्याहून जुनं. जॅरड आणि रॉस एकाच फुटबॉल टीममध्ये वाढले. टीमच्या जर्सी धुवायची आयांची आळीपाळी असायची, आणि रॉसच्या आईची पाळी आली की त्या जर्सी हटकून नोएलीनच्या दारात येऊन पडायच्या, कारण रॉसची आई त्या काळात दुपारपासूनच बाटली घेऊन बसलेली असायची. नोएलीनने याचा कधी बभ्रा केला नाही. जर्सी धुतल्या, वाळवल्या, आणि पोराला जेवू घालून परत पाठवलं.

"मिसेस टीग," तो म्हणाला. चाळिशीला आला तरी तो तिला अजून तसंच म्हणायचा. "हे मी तुम्हाला सांगितलं नाही तर मला झोप लागायची नाही."

"सांग बाबा."

"इथून जात होतो. तुमच्या कोपऱ्यावर आलो तर तो म्हणाला, 'रॉस, एक मिनिट थांबव. ममच्या फ्रिजमध्ये माझं औषध आहे, पळत जाऊन आणतो.' मी म्हटलं, अट आहे, गावात उतरायचं नाही. तर म्हणाला, 'मग तू उतर. तुला कुणी अडवलंय?'"



"मी म्हटलं, उद्या पाठवतो कुणाच्या तरी हाती." रॉसने बाहीने नाक पुसलं. "क्लबात फोटो होता ना, मिसेस टीग. आमच्या जिंकलेल्या टीमचा. सगळे जमले होते, मला उशीर झाला होता."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"विसरलो."

ग्लेनिसच्या हातातला कप बशीवर वाजला. मग किटलीने शिट्टी धरली, ग्लेनिसने गॅस बंद केला.

"मी हे कोर्टात सांगणार आहे," रॉस म्हणाला. "चौकशी होईल, कॉरोनर येईल. जसं घडलं तसं सांगेन. नोकरी गेली तर गेली. तुम्ही मात्र शहरातून वकील बोलावू नका. ते लोक येतात, गावात आग लावतात आणि निघून जातात. तुम्हाला वकील कशाला हवा? मीच सांगतोय ना."

नोएलीनने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पोटचा पोर ज्याच्या विसरण्याने गेला, त्याच्या डोक्यावर. तिला त्याचा राग आला होता, पण त्याहून जास्त त्याची कीव आली होती. आणि मनाच्या तळाशी थोडा दिलासाही होता, की पोराने औषध मागितलं होतं, हयगय केली नव्हती. दोनदा मागितलं होतं. हे एकदा सगळ्यांसमोर कुणी म्हणालं की झालं, याहून तिला काही नको होतं.

त्याच आठवड्यात शहरातून फोन आला. गरिबांचे खटले फुकट लढवणाऱ्या एका संस्थेची वकील, रीमा हद्दाद नावाची तरुण मुलगी.

"मिसेस टीग, एक गोष्ट घाईची आहे म्हणून फोन केला. तुमचा मुलगा जामिनावर सुटल्यानंतर गेला. त्यामुळे कायद्याच्या लेखी हा कोठडीतला मृत्यू धरत नाहीत. कोठडीत गेला असता तर सगळं आपोआप जप्त झालं असतं. आता आपल्याला मागावं लागेल. पोलिसांच्या गाडीत कॅमेरा असतो, त्यातलं बोलणं काही आठवड्यांनी पुसलं जातं. तुम्ही हो म्हटलंत तर आजच पत्र टाकते."

"तसली काही गरज नाही गं. जो गाडी चालवत होता तोच सांगणार आहे. मला त्याने शब्द दिलाय."

"मिसेस टीग, तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. आज तो खरंच बोलत असेल. पण अशा माणसांना वकील मिळाला की त्यांची आठवण बदलते. मी हे पाहिलंय."

"तू पाहिलं असशील, पोरी. मी त्याची जर्सी धुतली आहे," नोएलीन म्हणाली. "आमच्याकडे तसं नसतं."

रीमाने आपला नंबर लिहून घ्यायला लावला. नोएलीनने तो वर्तमानपत्राच्या कडेला लिहिला आणि त्या वर्तमानपत्रात कोबीची पानं गुंडाळून टाकली. कल्गारात दुसरं कुणीही असतं तरी हेच करतं. ओळखीच्या माणसाविरुद्ध वकील आणणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. मग ज्याला पुढे रोज बेकरीत भेटायचं, त्याच्याशी बोलायचं कोणत्या तोंडाने?

चौकशीची तारीख पडेपर्यंत वर्ष उलटून गेलं. या काळात रॉस तिला बेकरीत दिसेनासा झाला. दुकानात ती समोरून आली तर ट्रॉली वळवून तो पिठाच्या रांगेत घुसायचा. नोएलीन स्वतःची समजूत घालायची, वरून सांगितलं असेल, साक्ष होईपर्यंत बोलू नको म्हणून. ग्लेनिसलाही ती तेच म्हणाली. ग्लेनिस म्हणाली, "असेल बाई," आणि कांदा चिरत राहिली.

कल्गाराचं कोर्ट म्हणजे एक दगडी खोली, महिन्यातून थोडेच दिवस उघडणारी. कॉरोनर बाई शहरातून आल्या. मऊ बोलणाऱ्या, सर्दीने हैराण झालेल्या. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की इथे कुणाला शिक्षा होणार नाही, माणूस कसा गेला एवढंच आम्ही ठरवतो. नोएलीनला हे पटलं. तिला तरी शिक्षा कुठे हवी होती?

रॉस कडक इस्त्रीच्या गणवेशात साक्षीला उभा राहिला. त्याच्या बाजूने पोलीस खात्याने दिलेला एक गुळगुळीत दाढीचा वकील बसला होता. कॉरोनरना मदत करणाऱ्या वकिलाने विचारलं, "वाटेत त्यांनी औषधाबद्दल काही म्हटलं?"

"म्हटलं."

नोएलीन पुढे झुकली.

"म्हणाला, फार्मवर माझा जादा साठा आहे, काळजी नको."

"गाडी थांबवायला सांगितलं?"

"नाही सर. मागितलं असतं तर मी थांबलोच असतो. लहानपणचा मित्र होता माझा."

नोएलीनला आधी वाटलं आपलंच काही ऐकायचं चुकलं. मग तिने रॉसचे हात पाहिले. अंगठे मुठीत घेऊन तो उभा होता, पेनल्टी चुकली की लहानपणी उभा राहायचा तसा. तो खोटं बोलत होता आणि नुसतं खोटं बोलत नव्हता, मेलेल्या पोराच्या तोंडात शब्द घालत होता. सरळ सांगून गळा कापला असता तरी तिने सोसलं असतं. याने केसाने कापला.

"कुटुंबाला काही विचारायचं आहे?" कॉरोनर बाईंनी विचारलं. "आपल्यासोबत वकील दिसत नाही."

नोएलीन उठून उभी राहिली. 

"रॉस, तू माझ्या स्वयंपाकघरात काय म्हणालास?"

गुळगुळीत दाढी उठली. कॉरोनर बाईंनी हाताने त्या वकिलाला बसवलं. "उत्तर द्या, सार्जंट."

"मी सांत्वनाला गेलो होतो, मॅडम. मिसेस टीग फार दुःखात होत्या. त्या दिवशीचं काही बोललो असेन असं मला आठवत नाही."

"तू रडत होतास."

"मित्र गेला होता, मिसेस टीग."

"ग्लेनिस होती तिथे," नोएलीन म्हणाली. कॉरोनरकडे वळून तिने पुन्हा सांगितलं, "माझी शेजारीण. ती कप काढत होती. तिने सगळं ऐकलं. तिला विचारा."

कॉरोनर बाईंनी घड्याळ पाहिलं, ग्लेनिस खोलीतच बसलेली आहे हे पाहिलं, आणि जेवणानंतर तिची साक्ष घेऊ म्हणाल्या.

जेवण हॉलमध्ये होतं. गावच्या बायकांनी हॅमची सँडविचं केली होती, कॉरोनरला, वकिलांना, पोलिसांना आणि मेलेल्याच्या आईला एकाच टेबलावर. ग्लेनिस नोएलीनजवळ बसली आणि नेहमीसारखं सँडविचचं अर्धं तिच्या ताटलीत ठेवलं. पबच्या मालकिणीपासून पाद्रीबुवांपर्यंत सगळ्यांची नजर त्या दोघींवर होती.

"तुला काही वेगळं करायचं नाहीये," नोएलीन हळू म्हणाली. "ऐकलंस तेवढं सांग."

"हो गं."

"मागितलं होतं त्याने. एवढंच."

"हो म्हटलं ना, नोएलीन. खा आता."

नोएलीनने खाल्लं. चाळीस वर्षांची शेजारीण हो म्हणतेय, तर आणखी काय हवं? रॉस बदलला असेल, पोलिसात राहून माणूस बदलतो. ग्लेनिस कुठे पोलिसात होती?

साक्षीच्या जागी ग्लेनिस पर्स मांडीवर घेऊन बसली. वकिलाने विचारलं त्या दिवशी आपण कुठे होता. गॅसजवळ, ती म्हणाली.

"सार्जंट हॅलम काय बोलले ते ऐकलंत?"

"रडत होता, ते दिसलं."

"बोलले काय?"

ग्लेनिसने पर्सचा चाप उघडला आणि बंद केला. "किटली लावली होती मी. नोएलीनची किटली शिट्टीची आहे. जुनी, फार मोठ्याने वाजते. शिट्टी सुरू झाली की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही."

"म्हणजे आपल्या कानावर काही आलं नाही."

"किटलीचाच आवाज आला," ग्लेनिस म्हणाली. एकदाही तिने नोएलीनकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉरोनर बाईंनी निष्कर्ष वाचला. पोलिसांनी जामिनावर सोडताना आजारी माणसाच्या औषधाची चौकशी करायला हवी, अशी शिफारस. कुटुंबाबद्दल सहानुभूती. आणि मधेच, सर्दीच्या आवाजात, हे वाक्य: मृताने आपल्याकडे साठा असल्याचं सांगितलं होतं, त्याविरुद्ध कोणताही ग्राह्य पुरावा समोर आला नाही, आणि स्वतःच्या आजाराबाबत त्याच्याकडून दुर्लक्ष झालं असावं. झालं. जॅरड टीग आता कायमचा, सरकारी शिक्क्यानिशी, निष्काळजी ठरला. गाडीतलं बोलणं कधीच पुसलं गेलं होतं, आणि ते पुसू द्यायला नोएलीननेच 'गरज नाही' म्हटलं होतं.

दारात पबच्या मालकिणीने तिचा हात दाबला. "संपलं एकदाचं. आता मन हलकं कर." गाव म्हणत होतं ते असं, की रॉसला लहान मुलं आहेत, आणि जॅरड कसा होता ते काय आपल्याला ठाऊक नाही?

घरी येऊन नोएलीन टेबलाशी बसून राहिली. कोट अंगावरच होता. तिला कॉरोनरचा राग नव्हता, त्या बाईने जे पुढे आलं त्यावर ठरवलं. गुळगुळीत दाढीचाही नव्हता, त्याला त्याचे पैसे मिळाले. तिला फसवलं होतं ते तिच्याच हातचं खाल्लेल्यांनी, आणि त्यांना तिने स्वतः घरात घेतलं होतं.

उजेड असतानाच कुंपणाचं फाटक वाजलं. ग्लेनिस मागच्या दाराने आली. हातात ते तपकिरी भांडं, काचेखाली जर्दाळू घातलेलं चिकन, अजून गरम.

"जेवली नसशील म्हणून आणलं," ती म्हणाली. डोळे सुजलेले होते. "बोलू नको हवं तर. खा फक्त."

"बस," नोएलीन म्हणाली.

ग्लेनिसला सुटल्यासारखं वाटलं असावं. ती नेहमीच्या खुर्चीत, फ्रिजच्या बाजूला बसली. नोएलीनने भांडं ओट्यावर ठेवलं, कोट काढून खुंटीला लावला, किटलीत पाणी भरलं आणि गॅसवर चढवली. मग पाठ फिरवून तिथेच, त्या दिवशी ग्लेनिस जिथे उभी होती तिथे, उभी राहिली. ग्लेनिस बोलत होती. कोर्टातल्या खुर्च्या किती टणक, कॉरोनर बाईंना कुणी लिंबू-मध कसं दिलं नाही, असलं काहीतरी. पाणी कुजबुजायला लागलं. मग शिट्टी सुरू झाली. चढत चढत ती स्वयंपाकघरभर झाली. नोएलीनने गॅसला हात लावला नाही.

पाठमोरीच, अगदी हळू, स्वतःशी बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, "दूध काढ गं. लोण्याच्या कप्प्याखाली आहे."

ग्लेनिस उठली. फ्रिज उघडला, लोण्याच्या कप्प्याखालून दुधाची बाटली काढली आणि टेबलावर आणून ठेवली.

शिट्टी वाजतच होती. ग्लेनिसचा हात बाटलीवर होता आणि तो तिथेच राहिला. फ्रिजचं दार उघडं होतं. लोण्याच्या कप्प्यात औषधाचा तो खोका होता, औषधवाल्याच्या पट्टीवर जॅरडचं नाव असलेला, अजून न उघडलेला. नोएलीनने तो टाकला नव्हता.

नोएलीनने गॅस बंद केला. शिट्टी हळूहळू खाली आली.

"पोरांचा बाप आहे गं तो," ग्लेनिस म्हणाली. तिचं तोंड वेडंवाकडं झालं होतं. "टॅरिन माझ्या पाया पडली. नोकरी गेली असती, कदाचित आतही गेला असता. तुझा जॅरड काही परत येणार नव्हता, नोएलीन. मी काय करणार होते, सांग ना."

"मी कुठे काय म्हणाले?" नोएलीन म्हणाली. "दूध मागितलं फक्त."

तिने भांड्याचं झाकण काढलं, चिकन कचऱ्याच्या डब्यात ओतलं आणि भांडं सिंकमध्ये घेतलं. कडेला चिकटलेलं नखाने खरवडून काढलं, गरम पाण्याने धुतलं, बुडाची जुनी पट्टीसुद्धा घासली. फडक्याने पुसून, काचेचं झाकण बसवून तिने ते ग्लेनिसच्या हातात दिलं.

"हे तुझंच असणार," ती म्हणाली.

ग्लेनिस भांडं घेऊन उभी राहिली. इतक्या वर्षांच्या सवयीने ती जरा वेळ तशीच थांबली, त्यात काहीतरी पडेल म्हणून. नोएलीनने फ्रिजचं दार लावलं आणि मागचं दार उघडून धरलं.